एका घरात दोन शिक्षक, दोन पगार : सरकारी आणि खाजगी शाळेतील वेतन व सेवाशर्ती



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा झाली. सभा संपल्यावर एक पालक चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरं आहे बघा. पाऊस पडो न पडो, पगार ठरलेला." मी हसलो. खोटं नव्हतंच ते. मग ते पुढे म्हणाले, "थोरलीला आम्ही इंग्लिश मीडियमला घातलंय. तिथल्या मॅडम लई राबतात. एवढी फी घेतात म्हटल्यावर पगार पण तुमच्यापेक्षा जोरात असणार की."

यावर काय बोलावं मला सुचेना. कारण तशाच एका शाळेत माझी पत्नी शिकवते. मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक, शिक्षण बी.ए. डी.एड. ती एम.एस्सी. बी.एड., आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. तिचा पगार महिन्याला चौदा हजार, तोही वर्षातले दहाच महिने. मे-जूनचा नाही. म्हणजे वर्षाचे एक लाख चाळीस हजार, बारा महिन्यांवर वाटले तर अकरा हजार सहाशे सदुसष्ट.

त्या पालकांसारखाच समज पुष्कळांचा असतो. म्हणून आज हा विषय पाठासारखा नीट मांडायचं ठरवलं. कोणाला नावं ठेवायला नाही. आपल्या मुलाला शिकवणारी व्यक्ती कोणत्या परिस्थितीत शिकवते, हे पालकांना माहीत असावं आणि आपला हक्क काय, हे शिक्षकांना माहीत असावं, एवढाच हेतू.

१. 'खाजगी' म्हणजे नक्की कोणती शाळा?

आपण सरसकट 'सरकारी' आणि 'खाजगी' असे दोनच भाग करतो. महाराष्ट्रात प्रत्यक्षात पाच प्रकार दिसतात.

• जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि शासकीय शाळा : शाळाही शासनाची किंवा स्थानिक संस्थेची, पगारही तिथूनच.
• खाजगी अनुदानित शाळा : संस्था खाजगी, पण मान्यताप्राप्त पदांचा पगार शासन देते. रयत शिक्षण संस्थेच्या अनेक शाळा या प्रकारातल्या.
• अंशतः अनुदानित शाळा : २०, ४०, ६०, ८० टक्के अशा टप्प्यांनी अनुदान.
• विनाअनुदानित शाळा : शासनाचा रुपया नाही, संस्था देईल तो पगार.
• स्वयंअर्थसहाय्यित शाळा : २०१२ च्या कायद्याने सुरू झालेल्या. फीवर चालतात, अनुदान मागायचे नाही ही अटच.

म्हणजे 'खाजगी' या एका शब्दाखाली चार वेगवेगळे पगार आहेत. अनुदानित हायस्कूलमधल्या सरांचा पगार शासकीय वेतनश्रेणीत असतो, आणि एकाच संस्थेच्या, एकाच आवारातल्या इंग्रजी विभागातल्या मॅडमना त्याच्या पाव हिस्साही मिळत नाही, असं होऊ शकतं. मैदान एक, घंटा एक, पगाराची पाकिटं दोन. त्यामुळे शाळेच्या फाटकावर काय लिहिलंय ते सोडा. पगार कोण देतो आणि कामावरून कोण काढू शकतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर शिक्षकाची स्थिती ठरते.

२. पगाराचे गणित

सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात डी.एड. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी एस-१०, म्हणजे मूळ वेतन २९,२०० पासून सुरू. माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची एस-१४, सुरुवात ३८,६०० पासून. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. दरवर्षी एक वेतनवाढ. २९,२०० वर लागलेला शिक्षक दहा वेतनवाढी झाल्यावर मूळ वेतनातच ३९,२०० वर पोचतो. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, अटी पूर्ण केल्या तर.

पण हे लगेच मिळत नाही. २००० सालापासून आपल्याकडे शिक्षण सेवक योजना आहे. नवीन शिक्षकाला पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावं लागतं. हे मानधन बरीच वर्षे सहा, आठ आणि नऊ हजार होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. मी सहा हजारांवर काढलेली तीन वर्षे मला अजून आठवतात. खोलीभाडं आणि गाडीचं पेट्रोल जाऊन हातात काय राहायचं ते सांगण्यासारखं नाही. पण एक होतं. तीन वर्षांनी काय होणार हे माहीत होतं. तीन वर्षं कळ काढ, एवढंच मनाला सांगायचं.

अंशतः अनुदानितचं गणित वेगळंच. उदाहरणापुरतं फक्त मूळ वेतन घेऊ. ३८,६०० चे २० टक्के म्हणजे ७,७२०. ४० टक्के म्हणजे १५,४४०. काम मात्र शंभर टक्के. या शाळांमागे मोठा इतिहास आहे. २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचं धोरण आलं. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झालं. म्हणजे सुरुवातीलाच लागलेल्या काही शिक्षकांची उमेदीची चौदा-पंधरा वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर गेली. दिवसा शाळा आणि संध्याकाळी शेती, शिकवणी किंवा दुकान. आझाद मैदानावर पुढच्या टप्प्यासाठी बसणारे शिक्षक टीव्हीवर दिसतात ना, ते बहुतेक हेच.

आणि पूर्ण विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेत? तिथे संस्था ठरवेल ते. काही मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळा चांगला पगार देतात, हेही नोंदवायला हवं. पण तालुक्याच्या गावात पाच-सात हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत, असंच आम्ही आमच्या ओळखीत पाहतो. वेतनवाढ ही संस्थाचालकांच्या मर्जीवर.

माझ्या पत्नीला आजवर पगारपत्रक मिळालेलं नाही. घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा बँकेच्या साहेबांनी दोघांच्या उत्पन्नाचे कागद मागितले. तिच्याकडे कागदच नव्हता. साहेब म्हणाले, "मॅडमचं उत्पन्न धरता येणार नाही." बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, म्हणजे अकरा वर्षं मी काहीच केलं नाही का?"

३. कामाचे तास आणि कामाचे स्वरूप

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान कामाचे तास ४५ दिले आहेत, आणि त्यात पाठाची तयारीही धरली आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास अध्यापन. कागदावर हे छान आहे. आता आमच्या दोघांचा दिवस बघा.

ती सकाळी पावणेसातला शाळेच्या बसमध्ये बसते, कारण बसमधल्या मुलांची जबाबदारी तिच्यावर. आठ तासिकांपैकी सात तिच्या. कोणी रजेवर असलं तर आठवीही. मधल्या सुट्टीत व्हरांड्याची ड्युटी. घरी आल्यावर वह्या, आणि पालकांच्या ग्रुपवर रात्री दहापर्यंत उत्तरं. एप्रिलमध्ये नवीन प्रवेशासाठी घरोघरी फिरायचं. प्रत्येक मॅडमने अमुक प्रवेश आणायचेच. पगार बंद असलेल्या मे महिन्यातसुद्धा 'दोन दिवस या' म्हणून निरोप येतो.

माझी शाळा दोन शिक्षकी. चार वर्ग, आम्ही दोघं. मी तिसरीला गणित घालून देतो तोवर चौथीत भांडण लागलेलं असतं. त्यात पोषण आहाराची नोंद, तांदळाचा हिशोब, यू-डायसची माहिती, मुलांच्या आधारमधल्या चुका, आणि 'आजच्या आज लिंक भरा' असे मेसेज. मतदार यादीचं बी.एल.ओ.चं काम वेगळं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण या तीन दारांतूनच पुष्कळ काम आत येतं आणि चौथं दार 'माहिती'चं आहे, त्याला कलमच नाही. मग जोडीदार शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चार वर्गांना मी एकटा.

तेव्हा राबणं दोन्हीकडे आहे. फरक आहे तो 'नाही' म्हणण्याच्या ताकदीत. चुकीच्या कामाला मी लेखी हरकत घेऊ शकतो, संघटनेकडे जाऊ शकतो. फार तर नोटीस येईल. तिने नाही म्हटलं तर जूनमध्ये वेळापत्रकात तिचं नाव नसेल.

४. नोकरीची हमी : १९७७ चा कायदा

खाजगी शाळेतल्या शिक्षकाला कायद्याचा आधारच नाही असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याची १९८१ ची नियमावली आपल्याकडे आहे. तिच्यातले तीन मुद्दे प्रत्येकाने पाठ करावेत.

• कायम रिक्त पदावर रीतसर नेमणूक झाली तर परिवीक्षा कालावधी दोन वर्षांचा. तो समाधानकारक पार पडला की शिक्षक कायम समजला जातो. (शिक्षण सेवकाला हा काळ तीन वर्षांचा.) म्हणूनच काही संस्था दर वर्षी 'एका शैक्षणिक वर्षापुरता' आदेश देतात, म्हणजे दोन वर्षं सलग भरतच नाहीत.
• राजीनामा कसा द्यावा हेही कलम ७ सांगते. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख. एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी आपल्याजवळ.
• बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो उशीर माफ करू शकते.

राजीनाम्यासारख्या साध्या गोष्टीसाठी एवढे नियम कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. पत्नीची एक सहकारी, गणिताच्या मॅडम, आठ वर्षं त्या शाळेत होत्या. मे महिन्यात त्यांना फोनवर सांगितलं, "जूनपासून येऊ नका." लेखी आदेश नाही, कारण नाही. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. मी कायद्याचं पुस्तक काढून बसलो. पण विचारलं तर कळलं की नोकरी लागताना त्यांच्याकडून बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेतलेली. मी म्हटलं, तरीही लढता येईल, वकिलांना भेटू. त्या म्हणाल्या, "सर, दुसऱ्या शाळेत मुलाखत आहे. अनुभवाचा दाखला यांच्याकडूनच घ्यायचाय." त्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा पुस्तकात असतो, दाखला ऑफिसच्या कपाटात, आणि त्या कपाटाची चावी संस्थेकडे.

तसाच कागद यंदा एप्रिलमध्ये माझ्या पत्नीच्या पुढ्यात आला. तिने सही केली नाही. "मला राजीनामा द्यायचा असेल तेव्हा मी पोस्टाने पाठवीन," एवढंच म्हणाली. घरी येऊन दोन दिवस ती नीट जेवली नाही. जूनमध्ये तिला वेळापत्रकात घेतलं, पण दहावी काढून घेतली. आता ती पाचवी-सहावीला शिकवते.

५. निवृत्तीनंतर काय?

इथे सरकारी बाजूलाही सगळं आलबेल नाही. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. आमच्या पगारातून १० टक्के कापले जातात, शासन १४ टक्के घालतं. त्यावरून मार्च २०२३ मध्ये राज्यात मोठा संप झाला, तो सर्वांना आठवत असेल.

खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी दोन गोष्टी आहेत, ज्या अनेकांना ठाऊकच नसतात.

पहिली, भविष्य निर्वाह निधी. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. शिक्षकाचे १२ टक्के आणि संस्थेचेही १२ टक्के. आपला यू.ए.एन. नंबर मागा आणि मोबाईलवर पासबुक तपासा. काही ठिकाणी दोन्ही हिस्से शिक्षकाच्याच पगारातून कापतात. ते चूक आहे.

दुसरी, ग्रॅच्युइटी. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना तिचा लाभ ३ एप्रिल १९९७ पासून देण्यात आला. खाजगी शाळांनी त्याला आव्हान दिलं, पण ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षे सलग सेवा झालेल्या शिक्षकाला शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षे, असा हिशोब. समजा शेवटचा पगार १५,००० आणि सेवा दहा वर्षे, तर रक्कम होते ८६,५३८ रुपये. त्या गणिताच्या मॅडमना हे आम्ही सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

६. मग शिकवण्यावर काय परिणाम होतो?

प्रामाणिकपणे सांगतो. पगार जास्त म्हणून शिक्षक चांगला, असं मुळीच नाही. पूर्ण पगार घेऊन वर्गात मोबाईल बघत बसणारे आमच्यात आहेत. त्यांच्यामुळेच पालक आमच्याकडे पाठ फिरवतात, हे मान्य करायलाच हवं. आणि लपवत नाही, आमचा स्वतःचा मुलगा चौथीपर्यंत माझ्या शाळेत होता, पाचवीपासून पत्नीच्या शाळेत आहे. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक मिळतो म्हणून घातला. त्यामुळे दुसऱ्या पालकांना उपदेश करायचा मला अधिकार नाही.

पण त्याच शाळेत एक गोष्ट पाहिली. मुलाला सहावीच्या एका वर्षात इंग्रजीला तीन मॅडम झाल्या. पहिल्या मॅडमना दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले, दुसऱ्यांचं लग्न ठरलं, तिसऱ्या दिवाळीनंतर आल्या. प्रत्येकीने पहिल्यापासून सुरुवात केली. मुलाला काळ तीन वेळा शिकवले आणि निबंध एकदाही नाही. कमी पगाराची खरी किंमत इथे मोजली जाते. शिक्षक टिकत नाही आणि मुलाला ओळखणारं माणूस शाळेत उरत नाही. कोणतं मूल कशाला अडतं हे कळायलाच चार-सहा महिने जातात.

७. पालकांनी काय विचारावे?

राज्यात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचे पालक हवेत. फी ठरवताना जे घटक बघायचे, त्यात शिक्षकांचे वेतन हाही एक घटक आहे. म्हणजे 'आमच्या फीतून शिक्षकांना किती जातं' हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. सभेत हे चार प्रश्न विचारा :

१) शिक्षकांना पगार बँकेतून मिळतो का, आणि बारा महिन्यांचा मिळतो का?
२) गेल्या वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले?
३) एका शिक्षकाला दिवसाला किती तासिका आहेत?
४) भविष्य निर्वाह निधी सर्वांचा भरला जातो का?

जिल्हा परिषद शाळेचे पालक असाल तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा : शिक्षकांची पदं किती मंजूर आणि किती भरलेली? महिन्यात किती दिवस शिक्षक शाळेबाहेरच्या कामाला होते? शिक्षक वर्गात असून शिकवत नसेल तर तेही विचारा. राग येणार नाही, आला तरी विचारा.

८. खाजगी शाळेतील शिक्षक भगिनी-बंधूंसाठी

• नियुक्ती आदेश, दर वर्षीचा आदेश, वेळापत्रक, हजेरीचा फोटो, बँक पासबुक यांची एक फाईल घरी ठेवा.
• रोख पगार मिळत असेल तर तारीख आणि रक्कम वहीत लिहा.
• मस्टरवर एक रक्कम आणि हातात दुसरी, असं असेल तर त्याची नोंद स्वतःजवळ ठेवा.
• कोऱ्या किंवा बिनतारखेच्या कागदावर सही करू नका.
• अनुभवाचा दाखला दर वर्षी मागून घ्या, सोडताना मागायची वेळ येऊ देऊ नका.
• काढून टाकलं तर पहिल्याच आठवड्यात जाणकार वकिलाला भेटा. तीस दिवस फार लवकर संपतात.

शेवटी

त्या पालकांना मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. परवा बाजारात भेटले तेव्हा सांगितलं, "दादा, तुमच्या मुलीच्या मॅडमचा पगार एकदा विचारून बघा." त्यांनी खरंच विचारलं. संध्याकाळी फोन आला. "गुरुजी, आमच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला ह्याच्यापेक्षा जास्त देतो ओ मी." थोडं थांबून म्हणाले, "येत्या सभेत मी बोलतो. पण एकट्याचं ऐकतील का?"

मी म्हटलं, दोघं-चौघं मिळून जा.

चर्चेसाठी प्रश्न

१) तुमच्या शाळेचा प्रकार वरील पाचपैकी कोणता? पगार कोण देतो?
२) तुमच्या मुलाच्या वर्गाला गेल्या दोन वर्षांत एका विषयाला किती शिक्षक बदलले? त्याचा काय परिणाम जाणवला?
३) सारखी पात्रता आणि सारखं काम असताना पगारात एवढा फरक असावा का? दोन्ही बाजूंनी मुद्दे लिहा.